वांग्यांच्या मुळावर

४ सप्टेंबर २००८
गिरीजला सासुरवाडीत गणपतीचं जेवण. पंक्तीत मी नायट्रोजनबद्दल चार शब्द सांगत होतो, तर मेहुणा भूपेश म्हणाला, "भाऊजी, तुमच्या लॅबमध्ये गवत तरी उगवलं का कधी?" सगळे हसले. विनया सगळ्यांत जास्त. बायको असून.
औषध कंपनीत केमिस्ट म्हणून जन्म गेला माझा. भूपेशला सोडायचं नाही. शांतपणे. सायंटिफिकली.

१९ ऑक्टोबर
सापडलं! मासिकात लेख आहे. पिकाची मुळं मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतात. ते झाडाचं हार्मोनही आहे, फांद्या आवरतं, हे यंदाच कळलं म्हणे. पण बंबाखू नावाचं तण ह्याच रसायनाने जागं होतं आणि मुळाला चिकटून झाडाचा रस पितं. पुढे फॉस्फेटवर दोन पानं होती. वाचली नाहीत. मुद्दा कळला होता.
प्लॅन: भूपेशच्या वाडीतल्या वांग्यांत बंबाखू. तो रडत येणार. मग मी हे रसायन उतरलेलं मुळांचं पाणी शिंपडणार. बी जवळ मूळ नसतानाच फसून जागं होणार, उपाशी मरणार. भूपेश माझे पाय धरणार. धरू द्यायचे. थोडा वेळ.

२३ नोव्हेंबर, रविवार
निपाणीच्या वर्गमित्राकडून बी आलं. तपकिरीसारखं बारीक. 'वाडीत फेरी मारून येतो' म्हणालो आणि वांग्यांत शिंपडलं. वाऱ्याने निम्मं माझ्याच नाकात. शिंकून शिंकून बेजार. भूपेशची बायको तेजस्वी धावत काढा घेऊन आली. काढा चांगला होता. तरी माफी नाही.

१४ डिसेंबर
एव्हरशाईनमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वांग्यांच्या कुंड्या. मुळांचं पाणी काढायचं तर झाडं दणकट हवीत, म्हणून डीएपी खत भरपूर घातलं. काय फांद्या फुटल्यात! विनया म्हणते, कपडे वाळत घालायला जागा नाही. संशोधकाच्या घरात हे चालायचंच.

१ फेब्रुवारी २००९
भूपेशचा फोन. वांगी माना टाकतायत. बुडाशी बिनपानांचे कोंब, जांभळट फुलांचे. "भाऊजी, आपल्यात सायन्सवाले तुम्हीच. पानी घालून घालून थकलो. बघा ना येऊन." आवाज रडवेला.
पोळ्या दोन जास्त खाल्ल्या.

१५ फेब्रुवारी
टिपकागदावर उरलेलं बी ओलं करून ठेवलं होतं. त्यावर कुंडीतल्या मुळांचं पाणी घातलं. एक बी हललं नाही. राहिलेली दोन पानं वाचली. मुळांना फॉस्फेट पोटभर मिळालं की ती हे रसायन जवळजवळ सोडतच नाहीत. डीएपी म्हणजे फॉस्फेटच. फांद्याही म्हणूनच सुटल्या होत्या. म्हणजे मी नुसतं पाणी गाळत होतो. शिवाय उभ्या पिकात हा उपाय चालतच नाही, चिकटलेलं तण उपटावंच लागतं. हे पहिल्या पानावर नको का छापायला? संपादकाला खरमरीत पत्र लिहिणार.
संध्याकाळी वाडीवर गेलो. तेजस्वी बांधावर बसलेली. यंदाची वांगी वसईच्या बाजारात ती स्वतः विकणार होती. मला उगाच काढा आठवला. 'हाताने उपटू, मी येतो,' असं तोंडातून निघून गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून ओणवा. कोंब मुळापासून काढायचा, फूल झडू द्यायचं नाही. भूपेश बांधावर उभा राहून बोट दाखवत होता. "तिकडं एक राहिलं, भाऊजी." निम्मी वांगी वाचतील बहुतेक. तेजस्वी दुपारी हसली.
भूपेश येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय, सख्खा भाऊ करणार नाही एवढं भाऊजींनी केलं. जेवताना त्याने जाहीर केलं की ह्या तुकड्याचे डॉक्टर आता भाऊजी, दर रविवारी येणार. विनयाने माझ्या वतीने होकार दिला.
हे बी मातीत दहा-पंधरा वर्षं जिवंत राहतं. कुणाला बोललो नाही.
कंबर पार गेली. घरात एकच बाम होता, तो विनयाने भूपेशला देऊन टाकला. उभं राहून त्याचे पाय दुखत होते.