तीस जण, गुडघ्यापर्यंत

१ जुलै, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. नियम एकच, स्वतःशी खोटे बोलायचे नाही.

मेहकरच्या कौशल्य प्रशिक्षण केंद्रात मसाज थेरपीच्या सहा महिन्यांच्या कोर्सला प्रवेश घेतला. वय सेहेचाळीस. एम.ए., बी.एड. सोळा वर्षे ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवले, एप्रिलमध्ये कला शाखाच बंद झाली. रडत बसणाऱ्यांतला मी नाही. (एप्रिल आणि मे धरू नयेत.)

लोणार रस्त्यावर निसर्गोपचार केंद्र सुरू होते आहे. त्यांना १ जानेवारीपासून पुरुष थेरपिस्ट हवा. व्यवस्थापक म्हणाले, सर्टिफिकेट आणा, जागा तुमचीच. बायकोला, मनालीला, सांगून टाकले की जानेवारीत मी कामावर. ती इथे जानेफळच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’चे तीन-चार अर्थ असतात. मी पहिला घेतला.

४ जुलै

बॅचमध्ये नऊ जण. वयाने आणि शिक्षणाने मी मोठा. ते कुणाला जाणवू द्यायचे नाही असे ठरवले. ओळख करून देताना फक्त बारा मिनिटे बोललो.

शिकवायला नजमुन्निसा मॅडम. हैदराबादला दवाखान्यात पंधरा वर्षे काढलेल्या. हात एवढासा, पण खांद्यावर ठेवला की माणूस आपोआप खाली बसतो.

शेजारच्या टेबलावर कोकिळा. नववी पास. सासू अंबूबाईसोबत बाळंतिणींना तेल लावत फिरायची. स्कॅप्युला कशाला म्हणतात हे तिला ठाऊक नाही. थिअरीत तिला मदत करणार.

९ जुलै

मॅडमनी दाब शिकवला. हलका, मध्यम, खोल. मी विचारले, मध्यम म्हणजे किती किलो? मॅडम म्हणाल्या, समोरच्याचा श्वास बघा. हे उत्तर शास्त्रीय वाटले नाही. घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तळहात ठेवून सराव केला. तीन किलो दोनशे ग्रॅम हा माझा नैसर्गिक मध्यम दाब आहे. मनाली दारात किती वेळ उभी होती कोण जाणे.

१४ जुलै

लॉगबुक मिळाले. तीस वेगवेगळे पुरुष (बायकांना बायका), प्रत्येकाला डोक्यापासून तळव्यापर्यंत मसाज, खाली त्याचा शेरा आणि सही. मुदत १० डिसेंबर. वर्गातले चालणार नाहीत. तीस भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही.

सोळा वर्षांत किमान दोन हजार मुले हाताखालून गेली. तीस म्हणजे काय. १५ ऑगस्टपर्यंत संपवून टाकू.

२० जुलै, रविवार

परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा तर त्याची संमती हवी. दोन पानी फॉर्म तयार केला, चौदा प्रश्न. पहिले ग्राहक वहाबभाई टेलर. पाठ धरली होती म्हणून आपण होऊन आले. फॉर्म वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. विचारले, “सर, ऑपरेशन गिप्रेशन तं नाही न हे?” नाही म्हणालो आणि कलम सात समजावून सांगितले. चहा पितो आणि येतो म्हणून गेले.

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. फॉर्म बहुधा फार चांगला झाला आहे.

३ ऑगस्ट

वहाबभाईंना फॉर्मशिवाय, तोंडी संमतीवर घेतले. शेरा: ‘सर खूप चांगले आहेत.’ शुभारंभ.

१५ ऑगस्ट

तीसपैकी चार.

आज अश्वजित. माझा २०१४ च्या बॅचचा विद्यार्थी, आता कृषी सेवा केंद्र चालवतो. मान, खांदे, पाठ उत्तम झाली. मी मणक्यांची माहिती देत होतो आणि तो डोळे मिटून ऐकत होता. पोटरीपर्यंत आलो, घोट्याला हात लावला, तर ताडकन उठून बसला. “सर, तुमी माहे पाय धरसान अन् मी पडून राहू? नाही जमत जी.” खाली उतरला, उलट माझ्याच पाया पडला, सही केली आणि गेला.

मी आयुष्यभर पाया पडण्याच्या विरोधात बोलत आलो. वर्गात सांगायचो, मान ताठ ठेवा, जयभीम म्हणा, पुरे झाले. दोन वर्षे रोज हे ऐकलेला मुलगा असा वागतो. म्हणजे शिकवण्यात काही कमी राहिले का? की फारच चांगले शिकवले? विचार करावा लागेल.

लॉगबुकात प्रामाणिकपणे लिहिले: ‘गुडघ्याखाली – ग्राहकाचा नकार (आदरापोटी).’

२४ ऑगस्ट

आठ झाले. आठांपैकी सात माजी विद्यार्थी, सातही गुडघ्याशी उठले. उरलेले एक वहाबभाई. ते उठले नाहीत, पण त्यांचा मुलगा माझ्याकडे शिकला आहे, म्हणून पाय पोटाशी घेतले.

शेरे वाचून काढले. ‘सरांचा स्वभाव चांगला.’ ‘सरांकडून खूप शिकायला मिळाले.’ ‘सर आहे तसेच आहेत.’ मसाजबद्दल कुणी लिहीत नाही. मसाज मुळात माणसामाणसातला संबंध असतो, त्यामुळे ते त्यातच आले.

७ सप्टेंबर

मॅडमनी लॉगबुक तपासले. आठ पाने उलटली, ‘आदरापोटी’वर बोट ठेवले. म्हणाल्या, “सर, आदराले मार्क नसतात.” मग म्हणाल्या की आकडा धरते, पण पाय शिकल्याशिवाय राहू नका, माणूस दिवसभर उभा पायावरच असतो.

कोकिळेने माझ्या हाताचे निरीक्षण केले. मत मी मागितले नव्हते. “सर, तुमचा हात पेपर तपासल्यावानी फिरते. मधात मधात थांबते, अन् मंग पुढं जाते.” मी सांगितले की याला काळजीपूर्वक काम म्हणतात. ती म्हणाली, हाव, पण अंगाले वाटते आपलं काई तरी चुकलं. हसलो. तिला अजून स्कॅप्युला येत नाही.

१२ सप्टेंबर

संकल्प: पायांचा सराव. ग्राहक मिळेपर्यंत स्वतःच्या पायांवर. एका पायात सव्वीस हाडे. डाव्या पायावर पंधरा मिनिटे, मग पाठीत उसण भरली. ग्राहकाने पूर्ण सहकार्य केले.

१९ सप्टेंबर

वर्गातल्या गोपालने मेहकर-जानेफळ एसटीत बसल्या बसल्या लॉगबुकात दहा खोटी नावे भरली. तीन पेन, तीन तऱ्हेच्या सह्या. मला म्हणाला, सर, तुम्हाले देऊ का भरून. नाही म्हणालो.

घरी आल्यावर चाळीस मिनिटे स्वतःला विचारत होतो की हे प्रामाणिकपणामुळे म्हणालो, की माझे अक्षर अख्खे मेहकर ओळखते म्हणून. सध्या प्रामाणिकपणा धरून चालू.

५ ऑक्टोबर, रविवार

माझ्या आयुष्यातला महत्त्वाचा दिवस. आपली मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन परतली. उभे राहून राहून सगळ्यांचे पाय सुजलेले. ही संधी ओळखून विहाराच्या ओट्यावर मोफत शिबिर ठेवले. स्वतःच्या हाताने फलक रंगवला: ‘थकल्या पायांना विश्रांती’.

सकाळपासून पंधरा जण आले. सगळ्यांनी मानेपासून कमरेपर्यंत करून घेतले. पायांचे नाव काढले की एकेक उठून चपला शोधायचा. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या बापांना आधीच बजावून पाठवले होते की सरांना पायाला हात लावू देऊ नका.

तेवीस झाले. पुढारलेल्या समाजात काम करणे अवघड असते.

३० नोव्हेंबर

एकोणतीस. सगळे गुडघ्यापर्यंत. दहा दिवस आहेत, एकच माणूस हवा. जानेफळ संपले. ज्यांना शिकवले नाही ते सोयाबीन विकायला गेलेत, किंवा मी दिसलो की गल्ली बदलतात. मनाली म्हणाली, बाबांना बोलावू का. बाबा म्हणजे सासरे भाऊराव, सुलतानपूरचे. एसटीत तीस वर्षे ड्रायव्हर होते, क्लच दाबून डावा पाय कायमचा ठणकतो. कॉलेज सुटल्यापासून माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात.

त्यांचा पाय मी बरा केला तर? विचार मोठा आहे. झोप चांगली लागेल.

७ डिसेंबर

भाऊराव आले. दिवाणावर पालथे झोपले, तोंड भिंतीकडे. खांद्यांवर काम सुरू असताना म्हणाले, “जावईबुवा, येवढं शिकून आता लोकाईचं अंग चोळान काय?” मी म्हणालो की ही जगभर प्रतिष्ठेची सेवा मानली जाते. ते म्हणाले, चोळा मंग.

पायांशी पोचलो तर त्यांनीच पाय ओढून घेतले. जावयाने सासऱ्याचे पाय दाबल्याचे सुलतानपुरात कळले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मनालीने स्वयंपाकघरातून सांगितले की इथून सुलतानपूर दिसत नाही. उपयोग झाला नाही.

सही मात्र केली. तीस पूर्ण. मुदतीच्या तीन दिवस आधी.

१३ डिसेंबर

परीक्षा पुढच्या शनिवारी. नागपूरहून परीक्षक. प्रत्येकाने पन्नाशीपुढचा एक माणूस सोबत आणायचा. कुठल्या भागाचा मसाज, ते चिठ्ठी काढून ठरणार. डोके, मान, खांदे, पाठ, हात, पाय. सहापैकी पाच भागांत माझे प्रभुत्व आहे. हे पास होण्यापुरते पुष्कळ झाले.

माणूस म्हणून भाऊरावच येणार. दुसरे कुणी फोन उचलत नाही. मनालीने त्यांना काय सांगितले ठाऊक नाही, पण या वेळी ते पायांसकट तयार आहेत.

तेल मी स्वतः तयार केले. तिळाचे तेल, नीलगिरी, कापूर. कोकिळेने सांगितले त्याच्या तिप्पट कापूर. परीक्षकाला वासावरूनच अभ्यास कळला पाहिजे.

२० डिसेंबर, शनिवार. दुपारी ४

चिठ्ठी: ‘गुडघ्यापासून तळव्यापर्यंत, वीस मिनिटे.’

घाबरलो नाही. सव्वीस हाडे मनात मोजली. भाऊराव टेबलावर उताणे, धोतर गुडघ्यापर्यंत, डोळे छताकडे. मी दोन्ही तळहातांवर भरपूर तेल घेतले, चोळून गरम केले आणि दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले.

पुढचे जसे घडले तसे लिहितो. लग्नाला अठरा वर्षे झाली. अठरा वर्षे या पायांना हात लागला की तो हात सरळ माझ्या डोळ्यांना आणि कपाळाला लागतो. तत्त्वे वगैरे सगळे ठीक, सासरा म्हणजे सासरा. आजही हात गेले तिथेच गेले.

भाऊराव पडल्या पडल्या म्हणाले, “सुखी राहा.”

मग कापूर लागला.

डोळे उघडता येईनात. मी तशाच स्थितीत पायाची हाडे सांगायला सुरुवात केली, म्हणजे वेळ वाया जाऊ नये. बाराव्या हाडाला मला कुणी तरी दंडाला धरून बाहेर नेले. ते भाऊराव होते. उघड्या पायांनी, धोतर खोचून, मोरीवर माझ्या डोळ्यांत पाण्याचे हबके मारत होते. म्हणत होते, डोळे चोळू नोका जावईबुवा, अजून जाईन आत. त्यांच्या तळहाताला अजून स्टिअरिंगचे घट्टे आहेत.

वीस मिनिटे तिथेच संपली. परीक्षकांनी विचारले की टेबलावरचा रुग्ण कुठे आहे. मॅडम म्हणाल्या, मोरीवर आहे, उमेदवाराची सेवा करून राह्यला.

परतीच्या एसटीत भाऊराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. जानेफळ आले तसे खांदे हलायला लागले. आधी वाटले खोकला आहे. मग दोघेही हसत होतो, कंडक्टर बघत होता. सुलतानपूरचा रस्ता धरताना म्हणाले, पुढच्या टायमाले तेल साधं आणजा.

२९ डिसेंबर

निकाल. थिअरी ९४, बॅचमध्ये पहिला. प्रॅक्टिकल १०० पैकी ९. नापास. नऊ कशाचे म्हणून चौकशी केली. मॅडम म्हणाल्या, बारा हाडांचे असतील, तीन चुकली.

कोकिळा दोन्हींत पास. गोपालही. लोणार रस्त्याच्या केंद्राने दोघांना घेतले, पुरुषांसाठी गोपाल, बायकांसाठी कोकिळा. कोकिळेने पेढे आणले. म्हणाली, स्कॅप्युला खांद्याचा पाता असते हे ध्यानात राह्यलं, तुमच्यामुळं. गोपालला मी मनापासून शुभेच्छा दिल्या. मनापासून होत्या का, ते उद्या तपासतो.

मनालीला सांगितले. ती म्हणाली, बरं. या वेळी कुठला अर्थ ते विचारले नाही. तिने पान वाढले, आणि वरून तूप जरा जास्तच सोडले.

पुढची परीक्षा जूनमध्ये. तोवर काय, हा प्रश्न आहे. मॅडमकडे एक सूचना आहे म्हणतात.

५ जानेवारी, सोमवार

नव्या बॅचचा पहिला दिवस. मॅडमच्या सूचनेनुसार मी केंद्रात रुजू झालो. रोज दोन तास. पद: सराव-देह. म्हणजे टेबलावर पडून राहायचे आणि नव्या मुलांनी माझ्यावर शिकायचे. हे तात्पुरते आहे. शिवाय मसाज आतून कळल्याशिवाय बाहेरून देता येत नाही, हा विचार माझाच आहे.

आज ऋत्विकची पाळी. माझा २०१९ च्या बॅचचा विद्यार्थी. मी त्याला म्हणालो, संकोच करू नकोस. त्याने केला नाही. सरांचे पाय दाबायला कसला आला संकोच, असे वर म्हणाला. टाचेपासून सुरुवात केली. तळव्याच्या मधोमध अंगठा ठेवला आणि माझा श्वास बघत थांबला. मला त्याच्या तीन चुका सांगायच्या होत्या. दुसरी आठवेपर्यंत डोळे मिटले.

उठवले तेव्हा सगळी बॅच भोवती उभी होती आणि ऋत्विक सहीसाठी लॉगबुक धरून होता. शेरा लिहिला: ‘पाय उत्तम.’ सही केली. वर एक रकाना होता, ग्राहकाचा व्यवसाय. पेन हातात धरून बराच वेळ बसलो. प्राध्यापक लिहिणे खोटे होते. थेरपिस्ट तर फारच खोटे. बेकार लिहायला हात धजेना. ऋत्विकची बस होती. त्याने माझ्या हातातून पेन घेतला, रकान्यात लिहिले, ‘सर’, आणि वही मिटली.