वटवाघळं आणि आईचा ‘गो’

३ फेब्रुवारी
मागच्या रेन ट्रीवर पहाटेच वटवाघळांचं भांडण! आई जागी. खिडकीकडे बोट करून म्हणाली, “गो.”
पूर्वी तिच्या मालवणीत मला हाक ‘गो’, धाकट्या भावाला, नितेशला, ‘रे’, तिच्या थोरल्या बहिणीला, जयंतीमावशीला, ‘गे’. अर्धांगाचा झटका आल्यापासून एवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली – गो. पंखा बंद कर – गो.
पेपरातल्या माझ्या शुक्रवारच्या सदराला विषय नाही.

४ फेब्रुवारी
नितेश चिडून गेला. “मलाही गोच! मी काय मुलगी आहे? ताई, तिला आता काही कळत नाही. नाहूरच्या वृद्धाश्रमात जागा आहे, महिनाअखेरीस सांगायचंय.”
वाईट नाही तो. माझी पाठ धरलेली बघतो ना.

६ फेब्रुवारी
विषय मिळाला! तिसऱ्या मजल्यावरची अक्षता वटवाघळांच्या आवाजावर पीएचडी करते. गच्चीत माईक लावून बसली होती. हेडफोन दिला. मला सगळा एकच कलकलाट.
“एकच नाही हो मावशी! फांदीवरून भांडताना वेगळा, पिल्लू हाक मारतं तो वेगळा. समोर कोण आहे त्यावरूनही बदलतो का, तेच शोधतेय.”
मग जुहूची ऐकवली. भांडण तेच, पण आपल्या बोरीवलीकरांपेक्षा घोगरं.
“म्हणजे यांची मालवणी?”
“असं छापू नका हं! अजून सिद्ध व्हायचंय.”
सदर वेळेत गेलं. ‘मालवणी’ काढून.

७ फेब्रुवारी
आज दिवसभर कान आईकडे. तिला सांभाळणाऱ्या दर्शनाला आखूड, तोडलेला ‘गो’. मला लांब, शेवटी वर जाणारा – लहानपणी मागल्या दारातून हाक मारायची तसा. इतके महिने एकच ऐकत होते मी!

९ फेब्रुवारी
नितेशला बळंच बसवलं. “डोळे मीट. नुसतं ऐक.”
दर्शना आत आली – गो. मी आले – गोऽऽ. मग त्याचा हात आईच्या हातात दिला. खालच्या पट्टीतला, जाड ‘गो’.
नितेशने डोळे उघडले. मग म्हणाला, “हा माझा. बॅट टाक नि घरी ये, तो.”
नाक पुसत उठला. “राहू दे तिला इथेच. रविवारी मी येत जाईन. तू झोप काढ.”

१२ फेब्रुवारी
सकाळी आईने माझ्याकडे पाहिलं. छान हसली.
“गे.”
दुसरा शब्द! फोन उचलला, नितेशचा नंबर काढला – आणि थांबले. जयंतीमावशीला जाऊन वर्षं झाली.
“गे?”
मी ओ दिली.