पायलच्या दाताचा जोड

प्रिय जमील,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी काय बोलणार होतो म्हणा. पंचवटीतला दवाखाना चालू आहे. मी मात्र दमलोय. कंबर धरते, डोळे चुरचुरतात. नवा लॅबवाला माप पाठवलं की मुकाट्याने दात करून देतो, एकदाही भांडत नाही. तुझ्याशी वीस वर्षं भांडलो, त्याचीच आता आठवण येते. दर मापामागे तुझा फोन ठरलेला: डॉक्टर, हिरडी नीट बघितली ना?

पायलच्या वेळीही तो फोन आला होता. कळवणच्या शाळेतली शिक्षिका, स्कूटीवरून पडून समोरचा दात गेलेली. हाडात इम्प्लांटचा स्क्रू मी छान बसवला होता. प्रश्न होता तो स्क्रू आणि वरचा दात यांना जोडणाऱ्या अबटमेंटचा. तू म्हणालास, हिरडी खोल आहे, तयार अबटमेंट लावलं तर दाताची कड फार आत जाईल, चिकटवायचं सिमेंट तिथे अडकेल आणि तुम्हाला दिसणारही नाही. तिच्या हिरडीच्या मापाचं करून देतो, आठ दिवस द्या. तिचा साखरपुडा चार दिवसांवर होता. मी खेकसलो, डॉक्टर मी की तू? कपाटातलं तयार अबटमेंट काढलं, तू गपचूप त्यावर दात करून दिलास. साखरपुड्याच्या फोटोत पोरगी काय गोड हसली होती!

पाच महिन्यांनी, लग्न दहा दिवसांवर आलेलं असताना, हिरडीतून पू यायला लागला आणि स्क्रू हलायला लागला. काढावाच लागला. हिरडीखाली सिमेंटचा कडक थर होता, अगदी तू सांगितलं होतंस तिथे. मी तो कापसात गुंडाळून टाकून दिला. तिची आई रडत होती. मी तुला बोलावून घेतलं आणि तिच्यादेखत म्हणालो की लॅबचं काम चुकलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घालून निघून गेलास. लाज वाटते रे.

पायल मात्र परत माझ्याकडेच आली. मधल्या काळात हाड भरलं, नवा स्क्रू पक्का बसला. तोवर ती एक काढ-घाल करायचा दात वापरत होती. तो कोणी केला हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. काल तिनेच सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी लॅबवाले काका एसटीने कळवणला आले, जुन्या मापावर केलेला दात घेऊन. चूक माझ्या लॅबची, असं म्हणून तिच्या आईची माफी मागितली. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत.

मी हातमोजे काढले. मग सगळं सांगितलं तिला, त्या कापसासकट. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने ताटलीतला तुझा दात उचलला, परत तोंडात बसवला आणि खुर्चीवरून खाली उतरली. आता अबटमेंट कोणतं ते काकाच ठरवतील, म्हणाली. आणि हे सगळं त्यांना तुमच्या हाताने लिहा. त्यांचा मला फोन आला की मी येते, तोवर नाही.

म्हणून हे पत्र. तिच्या आईलाही आज फोन करून खरं सांगितलं. सोबत पायलचं काल घेतलेलं माप आणि तिचा फोन नंबर आहे. हिरडी मी नीट बघितली आहे, तरी तू बघ. हवे तेवढे दिवस घे.

तुझाच,
रंगनाथ