हौदाच्या जाळीतला बेल

३ एप्रिल, गुरुवार

उदगीरहून लातूरपर्यंत एसटीत उभी आले, आन् चहाच्या आधी माझ्या पोरानं, अमरनाथनं, हातात वही दिली. पंपाची वही. रोज सकाळी मोटर बंद करायची, जाळी काढून पाला झटकायचा, काय निघालं ते तारखेनिशी लिहायचं. गडी ग्यानोबा लिहीत न्हाई, नुसतं ‘साफ केलं’ म्हणतो. मी चौथी शिकलेली, म्हणून हे माझ्या गळ्यात. आता वही, माझा शरणू घे, म्हंजे नमस्कार.

घर मात्र झकास. गार फरशी, आन् आमच्याच जुन्या वावरात निळा हौद. अमरनाथ त्याला स्विमिंग पूल म्हणतो. पुढच्या रविवारपासून बाहेरची माणसं पोहायला येणार. सून माहेरी गेलीय. नात मंजुश्री सातवीत हाय, पाण्यातून निघतच न्हाई.

जाळीत: लिंबाचा पाला दोन ओंजळी, गुलमोहराच्या काड्या, एक बेडूक. जिता होता, सोडला.

५ एप्रिल, शनिवार

लिंबाचा पाला. मोटर घरघर करून राहिली होती, ग्यानोबानं हवा काढली.

माझी सासू बसम्मा याच वावरात हाय, बेलाखाली. आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरतात, हातावर गळ्यातलं लिंग, भोवती इभूत आन् बेलाचा पाला. पण बेल दिसंना. अमरनाथ म्हणाला, आज्जीला गावच्या पुरायच्या जागेत नेलं, स्वामींच्या हातानं, सगळं रीतीनं. मला फोन करायला सवड न्हाई मिळाली म्हणे.

म्हातारी एवढ्या सहज हलली याचंच नवल. चाळीस वर्षं तिनं मला हाकेवर नाचवलं. पहिल्या हाकेला ओ आली न्हाई तर तांब्या फेकायची.

७ एप्रिल, सोमवार

जाळीत बेल. तीन-तीन पानांचा, हिरवागार, जाळी गच्च भरून. जवळपास बेलाचं झाड न्हाई. ग्यानोबा म्हणाला, वाऱ्यानं आला असंल. म्हणलं, वारा बरा नेमका सोमवार धरून बेल वाहतो.

८ एप्रिल, मंगळवार

पुन्हा बेल. त्याखाली राखाडी लगदा. वास घेतला. इभूत.

भर दुपारी, मोटर बंद असताना नळीतून हाक आली. ‘नागे.’ हंड्यात तोंड घालून बोलावं तशी. मला नागे म्हणणारी सासू एकटीच, ती कधीच गेली. ओ तोंडात आलीच होती, जीभ चावली. म्हणलं, आत्याबाई, तुम्हाला ओ देऊन देऊन घसा बसला माझा. आता न्हाई.

९ एप्रिल, बुधवार

जाळीत चांदीची डबी, आत लिंग. डबीला पोचा हाय. नवी नवरी असताना घासताना मीच पाडलेला, दोन दिवस बोलणी खाल्ली होती. ही डबी तिच्या हातावर ठेवून पुरली. मी उभी होते तिथं.

अमरनाथच्या ताटाशेजारी ठेवली. घास तसाच राहिला त्याचा. मग बोलला. गावाला नेला तो नुसता वरचा दगड. खणताना आज्जी लागली, बसलेली. काम थांबवायचं न्हवतं, तिच्यावरच सिमेंट ओतलं. हौदाच्या तळाचं भोक बरोबर तिच्या डोक्यावर हाय. पंप तिथूनच पाणी ओढतो.

म्हणलं, हौद फोड. म्हणाला, रविवार होऊ दे. म्हणलं, मग काठावर उभा राहून कबूल तरी कर. गाडी काढून लातूरला गेला.

१० एप्रिल, गुरुवार

मी ओ देईना, म्हणून म्हातारीनं दुसरी धरली. हौदात उतरू नको म्हणून पोरीला बजावलं होतं. मी चुलीपाशी, ही पाण्यात. ‘मंजे.’ मलाही ऐकू आलं. पोरीनं ओ दिली. गुणाची हाय, पहिल्या हाकेला देते. तशी दगडासारखी खाली गेली. केसाला धरून मी वर काढली.

घोट्यावर इभूतीची पाच बोटं. घासून जात न्हाईत.

पोर म्हणते, खाली एक आज्जी बसलीय, मांडीवर जागा करून.

११ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

पोरीला घेऊन उदगीरला निघाले. फाटकाशी तिचे पाय उचलंनात. बोटं गुडघ्यापर्यंत चढली.

ग्यानोबा पळाला. मेन स्विच पाडून मोटरची वायर मीच तोडली, कोयत्यानं. मोटर चालूच —

दुपार

मंजी खोलीत. बाहेरून कडी. कानात कापूस.

अमरनाथ लातूरहून आला, तसा दंडाला धरून काठावर आणला. रडतोय. रड.

ऐका आत्याबाई. जितेपणी तुमचं ऐकलं. आता तुम्ही माझं ऐका. पोर तुमची न्हाई. सिमेंट ज्यानं ओतलं तो हा उभा —

हाक आली. पहिली माझी. न्हाई दिली.

दुसरी मंजीची. आतून दार वाजून राहिलं —

पाणी बेलानं हिरवं —

मंजे, तोंड दाब. मी देणार न्हाई, तू द्यायची न्हाई. अमरनाथ, तोंड उघड. ओ तू दे. तूच —