गुळाच्या पाण्यातली बकुळ

आबा, बकुळीची फुलं विकत आणली. तुम्ही असता तर हसला असतात, "इकत? बकुळ इकत आणतीस व्हय?" आपलं झाड होतं तिथं आता गाड्या उभ्या राहतात. नांदे गावातलं आपलं रान गेलं, त्यावर सोसायटी झाली आणि तिच्यातल्याच एका फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. आई गेल्यापासून तुमच्याबद्दल बोलायलाही कोणी उरलेलं नाही. तुमचा चेहरा फोटोत आहे, वास कुठंच नाही. आणि मला तो वासच हवा आहे.

तंबाखूचं नुसतं पान जाळलं तर ठसका लागतो. तुमच्या चिलमीचं तसं नव्हतं. तुम्ही पान चुरता, त्यावर गुळाच्या पाण्याचा हबका मारता, सुकलेली बकुळ मिसळता आणि फडक्यात गुंडाळून जात्याखाली दाबून ठेवता. आई करवादते, "पोरांस्नी गूळ न्हाई आन् तंबाकूला हाय!" संध्याकाळी ओट्यावर चिलीम पेटली की तुम्ही मला समोर बसवता. "कसा येतोय गं वास?" "लई ग्वाड, आबा." रोज हाच प्रश्न. मला वाटायचं, तुम्हाला कौतुक ऐकायची हौस आहे. त्याच गोड धुरानं तुमची छाती खाल्ली, शेवटी पाण्याचा घोटही उतरेना. तरी मला त्या वासाचा राग येत नाही, आणि याचीच चीड येते.

परवा सगळं तुमच्यासारखंच केलं. जातं नाही, म्हणून दाबायला पाण्यानं भरलेला कुकर ठेवला. आज तुमची चिलीम पेटवून आयुष्यात पहिल्यांदा ओढली. तोंड कडू झालं, डोळ्यांना धारा लागल्या. वास मात्र काहीच नाही. पुन्हा ओढली, तरी नाही. तेव्हा लक्षात आलं, तुम्हालाही तो कधी येत नसणार. ओढणाऱ्याच्या वाट्याला नुसता धूर, गोडवा समोर बसलेल्याला. म्हणून विचारायचात. माझ्या समोर कोण बसणार आहे आता?

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची मुलगी दारात उभी होती.

"काकू, तुमच्याकडे काही करपतंय का? गूळ जळल्यासारखा वास येतोय. आणि कसल्यातरी फुलांचा."

तिला येत होता, आबा. मला नाही. "पुरण लागलं गं खाली," म्हणाले, दार लावलं आणि तिथंच खाली बसून रडले.

तिनं उद्याही तक्रार घेऊन यावं, म्हणून मी उरलेल्या तंबाखूवर पुन्हा गुळाचं पाणी मारून ठेवलंय.