स्वयंपाकघरातलं ‘चुकलां’

बाबा, गणेश चवथीच्या आधी आई गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला कळवावं असं दादाला सुचणारही नाही. मला कळवावंसं वाटलं, कारण शेवटी तुमची बाजाची पेटी मध्ये आली.

तुम्ही डिचोलीहून खनिजाचा ट्रक घेऊन नदीवरच्या धक्क्यावर जायचात, आणि माल उतरेपर्यंत तिथल्या इगर्जीत, चर्चमध्ये, संगीत शिकवणाऱ्या मेस्तांकडे बसायचात. तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, आणि असे सुरांचे जुडगे एकामागून एक लावत जायचं, हे त्यांच्याकडचं. तुम्ही ते गुरुवारच्या भजनात वाजवलंत. देवळात इगर्जीचे सूर नकोत, असं सगळ्यांसमोर ऐकून घेतलंत आणि पेटी घरी आणलीत. मग घरच्या आरतीला ते सुरू झालं. शेवटच्या ओळीत सूर आता घरी परतणार असं वाटायला लावायचं, आणि ऐन वेळी भलताच जुडगा दाबून थांबायचं. आई चुलीपाशी असते, पाठ आमच्याकडे. ती वळत नाही. फक्त म्हणते, “चुकलां.” मग तुम्ही हसून सूर जागेवर आणता. तुम्हा दोघांचं याहून गोड बोलणं मी कधी ऐकलं नाही. एकदा ती तापाने निजली होती, तरी त्या जागी तिचं कपाळ आक्रसलं. तुम्ही मला खुणेने दाखवलंत.

यंदा उन्हाळ्यात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. इस्पितळातून हळर्णला घरी आणली ती नाकात जेवणाची नळी घालूनच. डोळे उघडे, पण कुणावरही न ठरणारे. नळी बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, परत घालायची की नाही ते तुम्ही ठरवा. दादाचं ठरलेलं होतं. अंगणात तो मला म्हणाला, “ती आत नाय गो. रिकाम्या घराक जेवण वाढतंव आमी.” त्याचा राग मला आला नाही. तिला कुशीवर वळवायला, पुसायला तोच होता.

तुमच्या आरतीतला तो भलता जुडगा आईला अजून कळेल का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी नीट समजावलं. ऐकताना मेंदू सुरांच्या पुढे धावतो, पुढे काय येणार ते आधीच धरून बसतो, आणि भलतंच आलं की क्षणात दचकतो. माणूस संगीत शिकलेला नसला तरी, त्याचं लक्ष नसलं तरीही. पण ते यंत्रावर दिसतं, आणि तसलं यंत्र इथे नाही. कपाळ हललं नाही म्हणून ती आत नाही असं समजू नका, असंही त्या म्हणाल्या. दादाने एवढंच धरलं, “हललां तर नळी रवांदे. नाय तर नाय.” स्वतःला बघवणार नाही म्हणून तो पोफळींच्या कुळागरात निघून गेला.

दुपारची वेळ. पेटी तिच्या खाटेशी ठेवली आणि तिच्यासमोर बसले. भात्याला भोक पडलंय, सूर दमून येतो. तुम्ही शिकवलेलं बोटांना आठवत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तुमचा तो भलता जुडगा दाबून थांबले.

दादा आला, पायरीवर पाय धुताना त्याने विचारलं, “काय?” मी म्हटलं, “काय दिसलां नाय.” तो बराच वेळ पायांवर पाणी ओतत राहिला. मग त्याने फोन केला. नळी परत घातली नाही.

बाबा, मी खोटं बोलले नाही. मला काही दिसलं नाही, कारण त्या क्षणी मी आईकडे बघतच नव्हते. माझी मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळली होती, तिथून ती आता म्हणेल म्हणून. तिथे गॅसवर तिची पेज गाळायची चाळण पालथी पडली होती. परत वळले तेव्हा कपाळ नेहमीसारखं होतं. पुन्हा वाजवता आलं असतं. मी पेटी मिटली. सूर जागेवरही आणला नाही.

दादाला हे अजून सांगितलेलं नाही.