उंडीला बांधलेला पाइप

बाबा, तुमची होडीच्या लाकडाची उंडी इथे आखातात, रास तनुराला जगली आहे. मागच्या सुट्टीत आपल्या किनाऱ्यावरून मूठभर बिया खिशात घालून आणल्या. तुम्ही करायचात तसं टणक कवच हलकेच फोडून रुजत घातल्या, तरी एकच उगवली. कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या खोलीमागे एसीचं पाणी ठिबकतं, तिथे ती लावली. खारी हवा, रेताड जमीन, तिला आणखी काय हवं? पण मी पडलो पाइप फिटर. रोप जरा कललेलं दिसलं आणि हात शिवशिवले. शेजारी पाइप ठोकला, लेव्हल लावून सरळ केला आणि रोप त्याला तारेने करकचून बांधून टाकलं.

ते उंच झालं, पण जाड काही होईना. तार सालीत रुतली, पानं पिवळी पडून गळायला लागली. मी आपला रोज पाणी वाढवतोय. शेवटी माझ्या खोलीतला रत्नागिरीचा भाईजान वैतागला. "सोड रे त्याला. तो काय पायप हाय?"

तेव्हा तुम्ही आठवलात. माझा व्हिसा आला त्या आठवड्यात होडीसाठी लाकूड बघायला तुम्ही मला बरोबर नेलं होतंत. सरळ खोडांकडे तुम्ही बघतही नाही. समुद्राच्या वाऱ्याने कललेल्या एका उंडीच्या वाकड्या फांदीवरून हात फिरवताय, होडीची फासळी तुम्हाला तिच्यात आधीच दिसतेय. मी म्हणालो, किती वाकडं झाड आहे. "वाऱ्यात वाढलंय ते," तुम्ही म्हणालात. "आडोशाला वाढलेलं लाकूड कच्चं राहतं." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "जा तू." तुमच्यामागे आपल्या घरात होडी बांधणारं कुणी उरणार नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

मी तारा कापल्या. रोप वाळूवर आडवंच झालं. भाईजानने बुंध्याशी वाळू लोटून दिली. वाऱ्याचे दिवस आले आणि गेले. आता बुंधा माझ्या अंगठ्याएवढा झालाय, चकचकीत पानं आलीत, आणि रोप पूर्वेकडे कललंय. भाईजान म्हणतो, रत्नागिरीकडे. इथला वारा पश्चिमेकडून येतो, तो कशालाही तिकडेच झुकवणार. पण मी त्याला तसं म्हटलं नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून सांगतो. तुम्ही मला बांधून ठेवलं नाहीत, ते बरंच केलंत. पण त्या दिवशी घरी परतताना मी मुद्दाम मागे मागे चालत होतो. वाटत होतं, तुम्ही एकदा तरी वळून म्हणाल, राहा.